‘मंगळासारखं’ म्हणजे नेमकं कशासारखं?

‘लोणार मंगळासारखं आहे’ हे वाक्य संशोधन प्रस्तावांत हमखास येतं. माझ्याही पहिल्या मसुद्यात होतं. ते चूक नाही, अर्धवट आहे.

आधी काय जुळतं ते बघा. लोणारचं सुमारे १.८ किमी व्यासाचं विवर उल्काघाताने थेट बेसाल्टमध्ये झालंय. मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसाल्टचाच, आणि विवरांनी भरलेला. आघाताने बेसाल्ट कसा फुटतो, वितळतो, हे शिकायला लोणार उत्तम जागा आहे.

पण बेसाल्ट तर आपल्या खानदेशातही आहे. धुळे-साक्रीकडे भिंतींसारख्या लांबच लांब डाईक दिसतात. त्या मात्र भेगांमध्ये शिलारस शिरून, थिजून तयार झाल्या. खडक तोच, घडण वेगळी. मग नुसता खडक जुळला म्हणून तुलना पूर्ण कशी होईल?

आता न जुळणारं. मंगळाचं गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के, हवेचा दाब १ टक्क्याहूनही कमी. द्रव पाणी तिथे उघड्यावर टिकत नाही. लोणारात खारं, अल्कधर्मी तळं आहे, काठाला झाडी आहे, दरवर्षी पावसाळा आहे. त्यामुळे इथली झीज बघून मंगळावरच्या आजच्या झिजेचा अंदाज बांधणं धोक्याचं.

म्हणून ‘मंगळासारखं’ लिहिलंत की पुढच्याच ओळीत दोन गोष्टी लिहा: कोणत्या बाबतीत, आणि कोणत्या बाबतीत नाही. मुलाखतीत पहिला प्रश्न तिथेच येतो. उत्तर कागदावर असेल, तर तुमचा प्रस्ताव टिकतो.