मैदानातील जोड: नावाजलेला मल्ल आणि उगवता मल्ल

कुस्तीच्या मैदानाकडे आजवर बहुधा दोन दृष्टींनी पाहिले गेले आहे; एक शरीरसंवर्धनाची आणि दुसरी जत्रेतील करमणुकीची. पहिल्या दृष्टीला मल्ल दिसतो, दुसरीला गर्दी दिसते. मैदान म्हणून जी एक सलग रचना उभी राहते तिच्याकडे मात्र दोन्ही दृष्टींचे दुर्लक्ष होते. वस्तुतः रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांनी सुरू होऊन दिवेलागणीच्या सुमारास पहिल्या नंबरच्या कुस्तीने संपणारे मैदान हे कीर्तनाइतकेच बांधेसूद असते. त्याला पूर्वरंग असतो, उत्तररंग असतो, आणि पूर्वरंग फसला तर उत्तररंग कितीही थाटाचा असला तरी श्रोता उठू लागतो, हा अनुभवही दोहोंत सारखाच आहे. तेव्हा मैदान कोणी जिंकले याखेरीज मैदान कसे रचले गेले, हा प्रश्नही समीक्षेचा ठरतो. त्या रचनेतील सर्वांत अवघड भाग म्हणजे नावाजलेला मल्ल आणि उगवता मल्ल यांना द्यावयाच्या जागा.

या विचारासाठी सोलापूर जिल्ह्याचा उत्तर भाग सोयीचा आहे. करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवाच्या धंद्यासाठी आणि उत्तरेश्वराच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध आहे. पुणे-सोलापूर लोहमार्गावर, कुर्डुवाडी जंक्शनच्या अलीकडे, त्याचे स्थानक लागते. कुर्डुवाडीचे महत्त्व कुस्तीच्या इतिहासात सहसा कोणी सांगत नाही. पण ते आहे. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ १८९७ साली तेथून बार्शीपर्यंत सुरू झाला, १९०६ साली पंढरपुरास पोहोचला, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस. म्हणजे कृष्णा-पंचगंगेकाठच्या तालमी आणि भीमा-सीनेच्या खोऱ्यातील जत्रा एकाच गाडीच्या वाटेवर आल्या. केमसारख्या आडगावाच्या पंचांना कोल्हापुरी मल्ल आणवणे शक्य झाले ते यानंतरच. बाहेरचे मोठे नाव आल्यावाचून मैदान भरत नाही, ही समजूतही या सोयीबरोबरच वाढीस लागली असावी. त्यापूर्वीचे मैदान पंचक्रोशीचे होते, आणि पंचक्रोशीत सगळेच सगळ्यांना ओळखत असल्यामुळे नावाचे भांडवल फारसे चालत नसे.

मैदानाच्या भाषेत ‘जोड’ हा शब्द फार भरलेला आहे. लग्न जुळवावे तशी जोड जुळवली जाते. वजन, उंची, तालीम, गेल्या हंगामातील निकाल, वस्तादाचा शब्द आणि इनामाची रक्कम या सर्वांचा मेळ घालून पंच दोन नावे समोरासमोर लिहितात. छोट्या जत्रेत अजूनही मल्ल लांग कसून मैदानातून फेरी मारतात, लोक अंगलट पाहतात आणि जोड तेथेच ठरते. मोठ्या मैदानात ती कित्येक दिवस आधी पत्रकावर छापली जाते. या पत्रकाकडे वाङ्मयीन लेख म्हणून पाहिले तर ते उद्बोधक ठरते. वरच्या दोन-तीन जोडींतील नावे ठळक, त्यांमागे हिंदकेसरी, महाराष्ट्र केसरी, उपमहाराष्ट्र केसरी अशी बिरुदे, वस्तादांचा उल्लेख, इनामाचा आकडा. खाली उतरावे तसतसा टाइप बारीक होत जातो, आणि शेवटी ‘याशिवाय अनेक चटकदार कुस्त्या होतील’ एवढ्या एका वाक्यात गावोगावची तरुण पोरे निनावी होऊन जातात. मैदानातही त्यांची तीच गत असते. एकाच वेळी मातीत पाच-सात जोड्या सोडल्या जातात. हलगी एकीची वाजते, टाळी दुसरीला पडते, आणि तिसरीत एखाद्याने सुरेख ढाक मारलेली कोणाच्या ध्यानीही येत नाही.

ही व्यवस्था मुळात अन्यायाची नाही. तिच्यात एक शिडी गृहीत धरलेली आहे. गेल्या साली ज्याने चौथ्या नंबरची कुस्ती मारली त्याने यंदा तिसरी मागावी, तिसरी मारली तर पुढे दुसरी. अशी ही बढती लोकांच्या डोळ्यांदेखत होते. शिडीची अडचण वरच्या पायरीवर उद्भवते. पहिल्या नंबरच्या मल्लाला खालच्या मल्लाशी लढून मिळवायचे काहीच नसते आणि गमवायचे सर्व काही असते. जिंकला तर ‘पोराला पाडले’ म्हणतात; हरला तर पुढच्या दहा जत्रांतील इनाम उतरते. म्हणून तो आपल्याच तोलाच्या, आपल्याच वयाच्या आणि पुष्कळदा आपल्याच ओळखीच्या मल्लाशी जोड मागतो. अशा कुस्तीत दोघेही एकमेकांचे डाव जाणतात, खडाखडीत वेळ जातो, अंधार पडतो आणि पंच ती बरोबरीत सोडवतात. वर्गणीचा सर्वांत मोठा वाटा जिच्यावर खर्च झाला तीच कुस्ती बेचव ठरते.

नावाजलेल्या मल्लाची बाजूही येथे ऐकली पाहिजे. दूध, तूप, बदाम यांचा खुराक कुस्ती थांबली म्हणून एकदम थांबवता येत नाही; गुडघा आणि खांदा मात्र थांबतात. जत्रांचा हंगाम पावसाळा लागेपर्यंतचा. त्यात जे मिळेल त्यावर वर्ष काढायचे. नामांकित वृद्ध मल्लांना शासनाचे मानधन आहे, पण ज्याने एकच बिरुद मिळवले, किंवा तेही मिळवले नाही आणि केवळ मैदाने गाजवली, त्याच्या उतारवयाची तरतूद त्याच्या नावातच असते. ते नाव तो सहजासहजी पणाला लावील, अशी अपेक्षा करणे म्हणजे पराक्रमाची किंमत दुसऱ्याच्या खिशातून देण्यासारखे आहे. तरुण मल्लाची निकडही कमी नाही. घरच्यांनी म्हैस विकून, प्रसंगी जमीन गहाण टाकून त्याला तालमीत ठेवलेले असते, आणि त्याच्या उमेदीची वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. त्यांतील तीन वर्षे ‘चटकदार कुस्त्यां’त गेली तर उरलेल्या वर्षांत तो वर चढणार कधी?

पूर्वी हा गुंता आश्रयदाता सोडवीत असे. रहिमबक्ष सुलतानीवाला हा वयाने मोठा आणि कीर्तिमान मल्ल. तरुण गामाबरोबरच्या त्याच्या कुस्त्या पुन्हा पुन्हा बरोबरीत सुटल्या, आणि गामा १९१० साली लंडनला जाऊन आल्यानंतर अलाहाबादेत अखेर त्याची सरशी झाली. एकच जोड इतक्या वेळा लागते ती दोन मल्लांच्या हौसेने नव्हे. संस्थानिकांचा मान आणि पैसा तिच्यामागे उभा असतो. मल्ल संस्थानाच्या पदरी असल्यामुळे हार झाली तरी त्याचा खुराक बंद होत नसे. करवीरात शाहू छत्रपतींनी मल्लविद्येला जो आश्रय दिला, ज्यातून १९१२ साली खासबागेचे मैदान खुले झाले, त्याचे मर्म केवळ दगडी बांधकामात नाही. पराभवाची झळ सोसणारा एक धनी तेथे होता. संस्थाने विलीन झाल्यावर हा धनी गेला; त्याच्या जागी वर्गणीदार गाव आले, पुढे साखर कारखाने आणि पुढारी आले. यांना मल्ल एका संध्याकाळपुरता हवा असतो. त्याच्या पुढच्या सालाची जबाबदारी त्यांच्यावर नसते, आणि म्हणूनच त्याने कोणाशी लढावे हे सांगण्याचा अधिकारही त्यांना उरत नाही.

स्पर्धेची पद्धत हा याला मिळालेला दुसरा पर्याय. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ साली स्थापन झाली आणि महाराष्ट्र केसरी हा किताब १९६१ साली सुरू झाला. पहिला मान दिनकर दह्यारी यांस मिळाला. येथे जोड पंच ठरवीत नाहीत, सोडत ठरवते. माती आणि गादी अशा दोन विभागांचे विजेते अखेरीस समोरासमोर येतात. या व्यवस्थेत नव्या मल्लाला जुन्याची परवानगी लागत नाही. केमच्याच तालुक्यातील उदाहरण द्यायचे तर खडकीच्या बाला रफिक शेखचे देता येते. हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांच्या तालमीत घडलेल्या या मल्लाने २०१८ च्या डिसेंबरात जालना येथे आदल्या सालचा विजेता अभिजित कटके याला हरवले. तो उतरला होता बुलढाणा जिल्ह्याकडून. सोलापूरच्या पोराला दुसऱ्या जिल्ह्याचे दार ठोठवावे लागले, ही नोंद पश्चिम महाराष्ट्रातील दाटीविषयी पुष्कळ सांगते. पुढील स्पर्धा २०२० च्या जानेवारीत पुण्यास झाली, तेव्हा कटके आणि शेख हे दोन्ही माजी विजेते अंतिम कुस्तीपूर्वीच बाहेर पडले होते. अखेरची जोड लागली ती हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके या दोन नव्या मल्लांची, आणि तेही काका पवार या एकाच वस्तादाचे पठ्ठे. सदगीर जिंकला आणि त्याने शेळकेला खांद्यावर घेतले. असे अंतिम चित्र गावच्या पंचांनी कधीही छापले नसते. दोन्ही नावांवर एवढे इनाम लावण्यास कोणी धजलेच नसते.

तथापि स्पर्धेने मैदानाचा प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही. सोडतीतून वर आलेला विजेता दुसऱ्याच महिन्यात पत्रकावरचे ठळक नाव होतो, आणि काल ज्या भिंतीवर तो डोके आपटत होता तिचाच आज दगड बनतो. उलट मैदानाला स्वतःचे मोठे मल्ल घडवता येतच नाहीत, हेही खरे नाही. मोहोळचा सिकंदर शेख किताबापूर्वीच मैदानांतून घरोघर पोहोचला होता; लोकांनी त्याला आधी मानले आणि मग २०२३ च्या नोव्हेंबरात फुलगाव येथे त्याने शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चीत केले. त्याच जिल्ह्यातील बोरामणीच्या शेख घराण्यात इस्माईल (१९८०), आप्पालाल (१९९२) आणि मुन्नालाल (२००२) या तिघांनी हा किताब घेतला. थोरला धाकट्याला वाट करून देतो याचे इतके स्वच्छ उदाहरण अन्यत्र क्वचितच आढळेल. पण ती घरची गोष्ट झाली, तिच्यावरून पंचांना धडा घेता येत नाही.

परदेशांतील धंदेवाईक कुस्तीशी तुलना केली असता एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. अमेरिकेत आणि जपानात या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो. ती एक प्रकारची नाट्यकला आहे. परंतु तेथे जुन्या मल्लाने जाता जाता आपले नाव नव्याच्या पदरात टाकायचे, हा धंद्याचा अलिखित धर्म मानला जातो. १९८७ साली आंद्रे द जायंट या प्रचंडकाय मल्लाने हल्क होगनकडून पाठ लावून घेतली. ८ जून १९९० रोजी तोकियोच्या बुदोकानमध्ये जंबो त्सुरुता हा मुरलेला मल्ल तरुण मित्सुहारू मिसावाकडून हरला, आणि त्या एका संध्याकाळी मिसावा पहिल्या श्रेणीत जाऊन बसला. निकाल बनावट, वारसा मात्र खरा. आपल्याकडे निकाल खरा असावा असा आग्रह आहे आणि तो योग्यच आहे. पण जोड लावतानाच जर हार टाळली जात असेल तर खरेपणाला फारसा वाव उरत नाही. आणि ज्याला नुरा कुस्ती म्हणतात, म्हणजे दोघांनी आतून ठरवून केलेली, तिच्यात तर परदेशी कुस्तीचा खोटेपणा घेतला जातो आणि तिचा एकमेव गुण, जो वारसा देण्याचा, तो टाकला जातो. प्रेक्षक हे ओळखत नाहीत असे नाही. मातीत बसलेला म्हातारा आखाडेबाज पकड पाहूनच सांगतो की हात खरा की खोटा. त्याला कोणी विचारीत नाही, इतकेच.

आणखी एक विषय येथे ओझरता सांगितला पाहिजे. मैदानाचा पहिला नंबर नेहमी भारी वजनाचा असतो. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले ते बँटमवेट गटात. राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णपदक सत्तावन्न किलो गटात घेतले. महाराष्ट्राने जगाला दाखवलेले हे मल्ल हलक्या वजनाचे, आणि मैदानाच्या शिडीवर हलक्या वजनाला सर्वांत वरची पायरीच नाही. मुलींच्या कुस्तीची तऱ्हा निराळी. महिलांसाठी महाराष्ट्र केसरी २०२३ साली सुरू झाली, सांगलीची प्रतीक्षा बागडी तिची पहिली मानकरी. तेथे जुनी नावे अद्याप साचलेली नाहीत, आणि त्यामुळेच त्या जोड्या आज अधिक मोकळ्या लागतात.

मग मैदान चांगले रचले गेले की नाही हे कोठे पाहावे? पहिल्या नंबरवर तर नव्हेच. तेथे गावाची हौस आणि पुढाऱ्याचा मान यांचा हिशेब असतो, आणि तो कितीही टीका केली तरी चुकणारा नाही. पाहायचे ते दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरवर. तेथे पस्तिशीकडे झुकलेला, नाव असलेला पण पहिल्या नंबरच्या ओझ्यातून सुटलेला मल्ल आणि बाविशीतला चढता गडी यांची जोड लागू शकते. जुन्याला हार पचवता येते, कारण इनाम बेताचे आणि बोभाटा थोडा, आणि नव्याला मात्र जिंकल्यास पुरते नाव मिळते. मैदानाचे खरे कौशल्य या दोन ओळींत खर्ची पडावे. ज्या पंचांना हे कळते ते पहिल्या कुस्तीच्या इनामातून थोडी रक्कम काढून तिसऱ्या कुस्तीवर ठेवतात, त्या कुस्तीच्या वेळी मातीत दुसरी जोड सोडत नाहीत आणि हलगीवाल्याला तिच्याजवळ उभा करतात. ज्यांना कळत नाही त्यांच्या पत्रकावर दुसऱ्या नंबरलाही दोन जुनीच नावे असतात, आणि मैदान पाच वाजताच रिकामे होऊ लागते.