जाली, यजमान आणि श्रोता : सोना जोबार्तेह यांच्या कार्याचा विचार

पश्चिम आफ्रिकेतील मांडे भाषा बोलणाऱ्या समाजांत कथा सांगणे, वंशावळी स्मरणात ठेवणे आणि वाद्य वाजविणे ही कामे एकाच वर्गाकडे परंपरेने चालत आलेली आहेत. गांबियातील मांडिंका भाषेत या वर्गातील व्यक्तीस ‘जाली’ म्हणतात. बाहेरच्या जगास फ्रेंच लेखकांनी रूढ केलेला ‘ग्रियो’ हा शब्द अधिक परिचित आहे. १३ व्या शतकात माली साम्राज्याची स्थापना करणाऱ्या सुंदियाता केईताची कथा याच वर्गाने मुखोद्गत राखली. जिब्रिल तामसिर नियान यांनी एका ग्रियोच्या मुखातून ऐकलेली ही कथा १९६० साली फ्रेंच गद्यात प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून साहित्याच्या अभ्यासकांना तिची दखल घेणे भाग पडले. जाली हा पदरी बाळगलेला गवई नव्हे. तो आपल्या यजमानाच्या कुळाची स्मृती असतो. यजमानाने त्यास बिदागी द्यावी आणि त्याने यजमानाच्या पूर्वजांची नावे सभेत उच्चारावीत, असा हा परस्परसंबंध आहे.

सोना जोबार्तेह (जन्म १९८३, लंडन) या परंपरेतील एका नामांकित घराण्याच्या कन्या होत. गांबियातील ख्यातनाम जाली अमादू बान्सांग जोबार्तेह हे त्यांचे आजोबा. बालपणी त्यांनी आपले बंधू तुंदे जेगेदे यांच्याकडे ‘कोरा’ या वाद्याचे पहिले धडे घेतले व पुढे वडील सांजाली जोबार्तेह यांच्याकडे रीतसर शिक्षण घेतले. लंडनमधील रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिक या संस्थेत त्यांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला. ‘फासिया’ (२०११) व ‘बादिन्या कुमू’ (२०२२) ही त्यांची ध्वनिमुद्रित संकलने प्रसिद्ध आहेत. २०१५ साली त्यांनी गांबियात एक शाळा स्थापन केली. ती आज ‘द गांबिया अकॅडमी’ या नावाने ओळखली जाते.

त्यांच्याविषयीच्या लेखनात एक विधान वारंवार आढळते : जाली घराण्यात जन्मलेली, कोरावादन हा व्यवसाय करणारी ही पहिली स्त्री. या विधानात तथ्य आहे. अर्ध्या भोपळ्यावर कातडे ताणून केलेले हे एकवीस तारांचे वाद्य वडिलांकडून मुलाकडे जात असे; स्त्रियांकडे गायन आणि ताल धरण्याची लोखंडी नळी एवढेच येई. तथापि या विधानाचा ध्वनितार्थ असा घेतला जातो, की जाली परंपरेत स्त्री आजवर मुकी होती. हा ध्वनितार्थ ग्राह्य धरता येत नाही. मालीमधील कांजा कुयाते किंवा आमी कोईता यांच्यासारख्या गायिकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी कीर्ती मिळविली, ती अनेक वादकांच्या वाट्यास आली नाही. शब्द स्त्रीकडे होताच, वाद्य नव्हते. म्हणून जोबार्तेह यांचे वेगळेपण ‘स्त्रीने मौन सोडले’ या सूत्रात बसत नाही. शब्द आणि वाद्य यांची लिंगभेदावर आधारलेली वाटणी त्यांनी मोडली, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

या वाटणीचे कलादृष्ट्या महत्त्व काय, हे कोरावादनाच्या घडणीवरून स्पष्ट होते. त्यात ‘कुंबेंगो’ म्हणजे सतत फिरून येणारी मूळ आकृती, आणि ‘बिरिमिंतिंगो’ म्हणजे मधूनच सुटणाऱ्या त्वरित स्वरमालिका, असे दोन घटक असतात. गायनातही ठरलेल्या चालीचे पद आणि ‘सातारो’ म्हणजे मुक्त पठण असा भेद आहे. कथन मुख्यतः या पठणात असते. आकृती अखंड चालू राहते, तिच्यावर पठण आपल्या गतीने उलगडत जाते आणि पठण थांबले की स्वरमालिका बोलू लागते. गाणारी व्यक्तीच वाजवीत असेल, तर विरामाचा क्षण कोणता, नाव कोठे उच्चारावयाचे, याचा निर्णय एकाच मनात होतो. हा अधिकार परंपरेत पुरुष जालीस होता. गायिकेस तो वादकाशी जुळवून घ्यावा लागे. जोबार्तेह यांना तो प्राप्त झाला, हे त्यांच्या कार्याचे पहिले फलित होय.

दुसरा प्रश्न यजमानाचा आहे, आणि तो अधिक बिकट आहे. १९६५ साली स्वतंत्र झालेल्या गांबियाच्या स्वातंत्र्यास २०१५ साली पन्नास वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने जोबार्तेह यांनी ‘गांबिया’ हे गीत रचले. जालीची स्तुती येथे कुळाकडून देशाकडे वळली आहे. या गीताची चित्रफीत आजवर कोट्यवधी वेळा पाहिली गेली. परंतु या प्रेक्षकांपैकी मांडिंका जाणणारे थोडेच असणार. जुना यजमान आपल्या पूर्वजाचे नाव ऐकून हेलावून जाई, कारण ते नाव त्याचे होते. तिकीट काढून युरोप-अमेरिकेतील सभागृहात बसलेला नवा श्रोता स्वरांच्या माधुर्याने तृप्त होतो. शब्द त्याला केवळ ध्वनी म्हणून ऐकू येतात. व्यवसाय विस्तारला, कलावती यजमानाच्या मर्जीतून मुक्त झाली. पण जालीपणातील कथनाचा अंश क्षीण होण्याचा धोका त्याच विस्तारात आहे. त्यांच्या काही रचना पठणाचा विस्तार टाळून सुबक, आटोपशीर गीताच्या रूपाकडे झुकतात, याचे कारणही येथेच शोधावे लागेल. रसिकतेच्या दृष्टीने हा दोष नव्हे. परंपरेच्या दृष्टीने मात्र तो तोटा आहे, हे नमूद केले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर शाळेच्या स्थापनेचा अर्थ लावला पाहिजे. तिच्याकडे बहुधा लोकोपकाराचे कार्य, कलेच्या बाहेरची एक पुरवणी, म्हणून पाहिले जाते. आमच्या मते ती कलेची आवश्यक अट आहे. गांबियाची राजभाषा इंग्रजी आहे आणि तेथील औपचारिक शिक्षणाची चौकट वसाहतकाळातून आलेली आहे. जोबार्तेह यांच्या संस्थेत सामान्य विषयांबरोबरच आफ्रिकी संगीत, इतिहास व संस्कृती यांना अभ्यासक्रमात स्थान दिलेले आहे. अशा शाळेतून किती वादक निर्माण होतील, हा गौण प्रश्न आहे. तेथून जाणकार श्रोता निर्माण होतो काय, हा मुख्य प्रश्न होय. ज्याच्यासाठी नाव उच्चारावयाचे तो ऐकणाराच उरला नाही, तर जाली केवळ वादक उरतो.

एक शंका मात्र शिल्लक राहते. जोबार्तेह यांनी लिंगाची मर्यादा ओलांडली, ती जन्माच्या अधिकारावर पाय रोवून; त्यांच्या नावामागे आजोबांचे घराणे उभे आहे. घराण्याबाहेरच्या मुलीने शाळेत कोरावादन आत्मसात केले, तर समाज तिला जाली म्हणेल, की उत्तम वादक म्हणूनच ओळखेल? या प्रश्नाचे उत्तर गीतांच्या विश्लेषणातून मिळणारे नाही. त्यासाठी या शाळेतून बाहेर पडणाऱ्या पिढीच्या पठणाचा, तिला मिळणाऱ्या मानाचा आणि तिच्या श्रोत्यांचा क्षेत्रीय अभ्यास व्हावयास हवा. मौखिक वाङ्मयाच्या अभ्यासकाने आजवर कथेची संहिता टिपण्यावर भर दिला. ती कोणासमोर व कोणाच्या खर्चाने सांगितली जाते, हाही वाङ्मयीन प्रश्न आहे, याची जाणीव प्रस्तुत उदाहरण करून देते.