सुमार कृतीचे स्वातंत्र्य

मराठीत अभिव्यक्तिस्वातंत्र्याची चर्चा ‘घाशीराम कोतवाल’पासून सुरू होते आणि बहुधा तिथेच विसावते. विजय तेंडुलकरांचे हे नाटक डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले. नाना फडणविसांच्या चित्रणावरून वादळ उठले, प्रयोग थांबले, आणि पुढे थिएटर अकॅडमीने ते पुन्हा उभे केले. १९८० च्या युरोप दौऱ्यालाही विरोध झालाच. हा इतिहास आम्ही वर्षानुवर्षे वर्गात अभिमानाने सांगत आलो.

२००९ साल मात्र आम्ही सांगत नाही. आनंद यादव यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीतील तुकारामांच्या पूर्वायुष्याच्या चित्रणाने वारकरी संप्रदायातील अनेकांची मने दुखावली. ते स्वाभाविक होते. लेखकाला जाब विचारण्यातही गैर काही नव्हते; परंतु जाब विचारणे आणि धाक घालणे यांतील सीमारेषा पाहता पाहता पुसली गेली. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतले. तेवढ्यानेही भागले नाही. महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, ज्यावर ते निवडून आले होते, त्यांना सोडावे लागले आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडले. ज्या तुकोबांचे अभंग इंद्रायणीत बुडवावे लागल्याची कथा परंपरेने जपली, त्यांच्याच नावाने एक पुस्तक वाचकांपुढून नाहीसे व्हावे, यातील विसंगती फारशी कोणाला बोचली नाही. तुकोबांची स्वतःची वाणी काय सोवळी होती? त्यांच्या कठोर शब्दांनी संपादकांनाही संकोचात टाकले आहे.

आणि समीक्षक? आम्ही खासगीत म्हणत होतो की कादंबरी फसली आहे. ती फसलीच होती, हे माझे मत आजही कायम आहे. परंतु हे मत त्या दिवसांत आमच्या मौनाची ढाल झाले. कलाकृती श्रेष्ठ असेल तरच तिच्या कर्त्याला संरक्षण, असा नियम आम्ही न बोलता मान्य केला; म्हणजे स्वातंत्र्य हे हक्क न राहता उत्तम रचनेचे पारितोषिक ठरले. दुसरे कारण अधिक अवघड आहे. ‘घाशीराम’ने दुखावलेला वर्ग आम्हांला टीकेस पात्र वाटत होता, वारकरी मात्र आमच्या आदराचा विषय. धमकी कोण देतो यावरून ती धमकी आहे की वेदना, हे आम्ही ठरवत होतो.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण उधळणुकीच्या धमक्यांनंतर मागे घेण्यात आले, तेव्हा निषेधाचे शब्द चटकन सापडले. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनीही नापसंती व्यक्त केली. न झालेले ते भाषण तर झालेल्या भाषणांहून अधिक वाचले गेले. हे सारे योग्यच होते. पण त्या निषेधपत्रकांत दहा वर्षांपूर्वीच्या यादवांची आठवण मला तरी क्वचितच दिसली.

तमिळ कादंबरीकार पेरुमाल मुरुगन यांना २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने दिलासा दिला. न आवडलेले पुस्तक वाचकाने बाजूला ठेवावे, असा त्या निकालाचा रोख होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात यादव गेले.

पुढे एका विद्यार्थिनीने मला विचारले, ती कादंबरी तुम्ही वाचली होती का? वाचली होती. पात्ररचनेवर, भाषेवर टिपणेही काढली होती. छापायला मात्र कुठेच दिली नव्हती.