लाल खुणेचा विद्यार्थी : भाकीत करणारी संगणकप्रणाली आणि गोपनीयतेच्या चर्चेची मर्यादा

शैक्षणिक तंत्रज्ञानावरील टीका बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : विद्यार्थ्यांची माहिती बाहेर जाते काय? प्रश्न रास्त आहे. परंतु माहिती संस्थेच्या कपाटातच राहिली, तरी तिच्या आधारे विद्यार्थ्याविषयी काय ठरविले जाते, याचा विचार क्वचितच होतो. या दृष्टीने अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याचे उदाहरण मननीय आहे.

तेथील शिक्षण विभागाने शाळागळतीची पूर्वसूचना देणारी संगणकप्रणाली सुमारे दशकभर वापरली. सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांचे चाचणीगुण, हजेरी, शिस्तभंगाच्या नोंदी, वंश आणि सवलतीच्या भोजनाची पात्रता (म्हणजे पर्यायाने घरची गरिबी) यांवरून विद्यार्थी शालेय शिक्षण वेळेत पूर्ण करील काय, याचे भाकीत केले जाई आणि धोक्यातील नावापुढे लाल खूण उमटे. ती शिक्षकांना दिसे. ज्यांच्याविषयी ती होती, त्यांना तिचा पत्ता बहुधा नसे. 'द मार्कअप' या वृत्तसंस्थेने 2023 मध्ये दाखवून दिले की, शिक्षण वेळेत पूर्ण होणार नाही, हे भाकीत जवळजवळ तीनचतुर्थांश वेळा चुकत होते. कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुलांच्या बाबतीत ही चूक अधिक होती.

त्याच वर्षी बर्कले येथील संशोधकांनी नोंदविलेले निरीक्षण अधिक मूलगामी आहे. प्रणाली मुलांची जोखमीनुसार क्रमवारी बऱ्यापैकी लावत होती. तथापि तिच्यामुळे शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचा ठोस पुरावा त्यांना आढळला नाही. शिवाय मदत कोठे पोचवावी, हे केवळ शाळा व परिसर यांच्या परिस्थितीवरूनही तितक्याच परिणामकारकपणे ठरविता आले असते. मग प्रत्येक मुलाची इतकी माहिती कशासाठी गोळा केली? शाळांच्या साधनांचा व वस्तीच्या दारिद्र्याचा प्रश्न मुलाच्या नावावर चढविला गेला, एवढेच घडले.

आपल्याकडे नॅकच्या निमित्ताने 'स्लो लर्नर' विद्यार्थ्यांच्या याद्या महाविद्यालये करीत आली आहेत, कधी कधी समिती येण्याच्या आदल्या आठवड्यात! तरीही यादी करणारा प्राध्यापक वर्गात समोर उभा असतो आणि विद्यार्थी त्याला कारण विचारू शकतो. हे काम विकत घेतलेल्या प्रणालीकडे गेले आणि तिचे सूत्र पुरवठादाराचे व्यापारी गुपित ठरले, तर प्राध्यापकालाही उत्तर देता येणार नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातील कलम 9 मुलांचा माग काढण्यास प्रतिबंध करते खरे, परंतु अठरा वर्षे पूर्ण झालेला पदवीचा विद्यार्थी त्याच्या कक्षेबाहेर राहतो. कलम 11 स्वतःच्या माहितीचा गोषवारा मागण्याचा अधिकार देते. त्या माहितीवरून काढलेल्या अनुमानाचे कारण मागण्याची स्वतंत्र तरतूद कायद्यात नाही. तेव्हा ही अट महाविद्यालयांना खरेदीच्या करारातच घालावी लागेल : अनुमानासाठी वापरलेले घटक लेखी द्यावेत, आणि खूण शिक्षकाला दिसण्यापूर्वी ती विद्यार्थ्यास कळवावी.