छायाचित्रकाराचे बोधचिन्ह : उसनी ओळख आणि स्वतःची मुद्रा (नागोठणे परिसरातील लघुव्यवसायाच्या संदर्भात)

प्रस्तावना :

रायगड जिल्ह्याच्या रोहा तालुक्यातील नागोठणे हे अंबा नदीच्या काठावरील गाव. जुने खाडीबंदर, सोळाव्या शतकातील दगडी पूल, विसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिलेला पेट्रोकेमिकल प्रकल्प आणि मुंबई–गोवा महामार्ग ही या गावाची ओळख सांगितली जाते. अशा निमशहरी गावात साखरपुडा, लग्न, बारसे, गणेशोत्सव आणि पासपोर्ट आकाराचे फोटो यांवर चालणारा छायाचित्रणाचा व्यवसाय हा स्वयंरोजगाराचा एक महत्त्वाचा मार्ग आहे. या व्यवसायाच्या पाटीकडे मात्र अभ्यासक सहसा वळत नाहीत. बोधचिन्ह म्हटले की मोठ्या कंपन्यांचा विचार होतो. गावातल्या स्टुडिओचे चिन्ह हे समीक्षेचा विषय मानले जात नाही. प्रस्तुत लेखात हीच उणीव अल्प प्रमाणात भरून काढण्याचा प्रयत्न केला आहे.

या लेखाचे निमित्त व्यक्तिगत आहे. स्वतःचा स्टुडिओ सुरू करू पाहणारा एक माजी विद्यार्थी बोधचिन्हाचे तीन नमुने घेऊन आला. पहिल्यात कॅमेरा व त्यामागे वधूवरांची छायाकृती होती. दुसऱ्यात भिंगाच्या झडपेची सहा पाती वर्तुळात मांडली होती. तिसऱ्यात इंग्रजी आद्याक्षरे सहीसारख्या वळणात लिहिली होती. ‘सर, यातले कोणते घेऊ?’ असा त्याचा साधा प्रश्न होता. नीटनेटके दिसते म्हणून प्रस्तुत लेखकाने दुसरे सुचविले. पुढे महिनाभरात तीच सहा पाती पेण, रोहा आणि नागोठणे येथील अन्य पाट्यांवर, लग्नपत्रिकांच्या मागे आणि छायाचित्रांच्या कोपऱ्यात दिसू लागली. ती आधीपासूनच तेथे होती. पाहण्याची दृष्टी नव्हती. दिलेला सल्ला चुकला होता. तो का चुकला, याचा शोध म्हणजे हे विवेचन होय.

उसन्या ओळखीची परंपरा :

छायाचित्रकाराने दुसऱ्याच्या चिन्हाखाली उभे राहणे ही आजची गोष्ट नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि त्यानंतर व्यावसायिक स्टुडिओ वाढत गेले. त्या काळातील पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या छायाचित्रांच्या मागील बाजूस स्टुडिओचे नाव, मिळालेली पदके आणि राजाश्रय असल्यास राजचिन्ह छापण्याची प्रथा होती. राजा दीनदयाळ यांना निजामाकडून किताब मिळाला, १८९६ मध्ये त्यांनी मुंबईत स्टुडिओ उघडला आणि १८९७ मध्ये त्यांना राणी व्हिक्टोरियाच्या छायाचित्रकाराची सनद मिळाली. अशा चिन्हांतून ‘मला कोणी मान्यता दिली आहे’ हे ग्राहकास कळत असे.

रंगीत फिल्मच्या काळात राजाश्रयाची जागा कंपन्यांनी घेतली. कोडॅकचा पिवळा, फुजीचा हिरवा आणि कोनिकाचा निळा रंग गावोगावच्या पाट्यांवर पसरला. दुकानदाराचे नाव लहान आणि फिल्म कंपनीचे चिन्ह मोठे, अशी ती मांडणी असे. यात दुकानदाराचा लाभ नव्हता असे म्हणता येणार नाही. फोटो टिकेल, रंग उतरणार नाहीत, ही हमी त्या रंगातून मिळत होती. परंतु उसन्या ओळखीची मुदत मालकाच्या हाती नसते. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेरा व छायाचित्र व्यवसायातून बाहेर पडण्याची घोषणा केली. कोडॅकने २०१२ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागितले. ज्यांनी वर्षानुवर्षे तो रंगच आपली ओळख मानला, त्यांच्या पाटीवर उरले ते केवळ लहान अक्षरातील नाव.

आजची सहा पाती ही याच परंपरेतील तिसरी पायरी आहे. आता कंपनीचे चिन्ह गेले आणि यंत्राच्या सुट्या भागाचे चिन्ह आले. पहिल्या दोन प्रकारांत निदान हमी तरी होती. पात्यांच्या चिन्हातून ‘येथे फोटो काढतात’ एवढेच कळते. ‘कोण काढतो’ हे कळत नाही.

यंत्र की आशय :

चिन्हात यंत्र असलेच पाहिजे का, या प्रश्नाचे उत्तर मराठी चित्रसृष्टीने फार पूर्वी दिले आहे. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचे बोधचिन्ह म्हणजे तुतारी फुंकणारी स्त्री. व्यवसाय कॅमेऱ्याचा, पण चिन्हात कॅमेरा नाही. प्रभात म्हणजे पहाट आणि पहाटेची वर्दी देणारी तुतारी, असा नाव आणि आकृती यांचा सांधा तेथे जुळला आहे. म्हणूनच १९५३ च्या सुमारास कंपनी बंद पडूनही ती आकृती लोकांच्या स्मरणात राहिली.

जपानमधील एक उदाहरणही बोलके आहे. १९३४ मध्ये ‘क्वानोन’ या नावाने कॅमेऱ्याचा नमुना तयार झाला आणि त्याच्या चिन्हात सहस्रभुजा बोधिसत्त्वाची प्रतिमा होती. दुसऱ्याच वर्षी ‘कॅनन’ हे नाव स्वीकारले गेले आणि प्रतिमेची जागा अक्षरांनी घेतली. देवतेचे चित्र भावते, पण ते सर्वांचे असते. आपल्या मालाची वेगळी खूण म्हणून त्याचा उपयोग मर्यादित राहतो. आपल्याकडे देवाच्या नावाने स्टुडिओ काढणाऱ्यांनीही हा विचार करावा. ‘रामायण’ या नावावर एका अगरबत्ती व्यापाऱ्याने सांगितलेला एकाधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अमान्य केला, तो याच तत्त्वावर.

कायद्याची बाजू :

येथे सौंदर्याचा प्रश्न कायद्याशी येऊन मिळतो. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम ९ नुसार ज्या चिन्हास वेगळेपणा नाही किंवा जे केवळ सेवेचे वर्णन करते, त्याची नोंदणी सहसा नाकारली जाते. कॅमेऱ्याचे चित्र किंवा झडपेची पाती ही छायाचित्रकाराच्या बाबतीत नेमकी वर्णनात्मक ठरतात. छायाचित्रण सेवा ४१ व्या वर्गात मोडते. नोंदणी १० वर्षांसाठी असते व पुढे नूतनीकरण करता येते. सर्वांनी वापरलेले चिन्ह उद्या शेजाऱ्याने उचलले तर तक्रार करण्यास जागा उरत नाही. दुसरे असे की, पैसे देऊन काढून घेतलेल्या चिन्हाचा कॉपीराइट आपोआप आपला होतो हा समज धोक्याचा आहे. चित्रकाराकडून त्याचे लेखी हस्तांतर करून घेणे इष्ट. स्वतःच्या छायाचित्रांच्या हक्काविषयी जागरूक असलेल्या व्यावसायिकाने दुसऱ्याच्या रेषेविषयी गाफील राहावे, हे विसंगत आहे.

लिपीचा प्रश्न :

तिसऱ्या नमुन्यातील सहीवजा इंग्रजी अक्षरे आधुनिक वाटतात. मात्र ती वाचता येत नाहीत, हा त्यांचा मुख्य दोष. शिवाय दुकानाची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असणे राज्यात बंधनकारक आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हा नियम लागू झाला आणि इतर लिपीतील अक्षरे देवनागरीपेक्षा मोठी असू नयेत असेही ठरले. बोधचिन्ह रोमनमध्ये घडवायचे आणि नंतर कायद्यासाठी त्याखाली देवनागरी जोडायची, या क्रमामुळे मराठी अक्षरे ठिगळासारखी दिसतात. क्रम उलटा असावयास हवा.

देवनागरीत केवळ अक्षरांतून ओळख घडविण्याची परंपरा समर्थ आहे. शिवछत्रपतींची अष्टकोनी राजमुद्रा अक्षरांचीच होती. कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांना दिलेली अक्षररूपे प्रेक्षकांना नाटकाची प्रकृती सांगत. र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हा टंक घडविला. ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेचे ‘मुक्ता’, ‘बलू’ यांसारखे टंक विनामूल्य उपलब्ध आहेत. साधनांची उणीव आहे असे आता म्हणता येत नाही.

आक्षेप आणि कसोटी :

‘गावात ग्राहक तोंडओळखीने येतो, चिन्हाचे काय काम?’ हा आक्षेप रास्त आहे. नवख्या छायाचित्रकाराने आधी भिंगावर खर्च करावा, चिन्हावर नव्हे, हेही मान्य. परंतु लग्नाचा फोटो आज दुकानापेक्षा भ्रमणध्वनीवर अधिक फिरतो. महामार्गाची वाहतूक गावाला बगल देऊन जाते; छायाचित्र मात्र मुंबई-पुण्यातील नातलगांपर्यंत पोहोचते. तोंडओळख जेथे संपते, तेथे कोपऱ्यातील ते चिन्हच बोलते.

म्हणून कसोट्या व्यवहारातूनच घ्याव्यात. चिन्ह रबरी शिक्क्यात एका रंगात उमटते का? छायाचित्राच्या कोपऱ्यात नखाएवढे केले तरी वाचता येते का? पाटीवर रस्त्यापलीकडून ओळखू येते का? आणि शेवटची कसोटी अशी : नाव झाकले तर ते शेजारच्या स्टुडिओचेही असू शकेल का? असू शकत असेल, तर ते टाकावे. अंबेवरचा जुना पूल काढला म्हणजे चिन्ह स्थानिक झाले, असेही नाही; तो पूलही साऱ्या गावाचाच आहे.

निष्कर्ष :

त्या विद्यार्थ्याने अखेर तिन्ही नमुने बाजूला ठेवले आणि आपले आडनाव पाटी रंगविणाऱ्या एका पेंटरकडून हाताने काढून घेतले. त्यात कॅमेरा नाही. ते निर्दोष आहे असेही नाही : लहान आकारात वेलांटीची पोकळी बुजत होती, म्हणून ते पुन्हा काढावे लागले. तरीही ते त्याचे आहे. उणेअधिक जे काही आहे त्याची जबाबदारी त्या नावावर येते, आणि छायाचित्रावर नाव घालण्याचा मूळ अर्थ तोच आहे. वाणिज्य आणि मराठी या दोन्ही विभागांनी असे विषय प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांना द्यावेत. आपल्या गावाच्या पाट्या वाचावयास शिकणे हेही शिक्षणच आहे, आणि प्रस्तुत लेखकास ते एका विद्यार्थ्याकडून शिकावे लागले.