छावणीतील भाकरी आणि ‘भूरी’

फाळणीविषयीच्या साहित्याची चर्चा निघाली म्हणजे जळती गावे, प्रेतांनी भरलेल्या आगगाड्या आणि कायमची ताटातूट यांचेच स्मरण प्रथम होते. ते अस्वाभाविक नाही. तथापि निर्वासिताच्या आयुष्यात प्रलयाचा दिवस एकच असतो. त्यानंतर चूल पेटविण्याचे दिवस हजारो असतात. त्या हजारो दिवसांकडे वळणारे लेखन विरळा. सुंदरी उत्तमचंदानी यांची ‘भूरी’ ही सिंधी कथा अशा विरळ लेखनांपैकी एक आहे, म्हणूनच तिचा येथे विचार करावयाचा आहे.

लेखिकेचा जन्म १९२४ साली सिंधमधील हैदराबादेत झाला. फाळणीनंतर त्या मुंबईस आल्या, आणि १९८६ साली ‘विछोडो’ या कथासंग्रहास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘भूरी’ची नायिका फाळणीपूर्वी बाहुलीसारखी देखणी म्हणून ओळखली जाई. निर्वासित झाल्यावर कष्टांनी तिचे रूप करपून जाते. परंतु ती पतीच्या व्यवसायाचा भार उचलते, बाजारात उभी राहावयास लाजत नाही, आणि तिच्या ठायी पूर्वी नसलेले एक निराळेच तेज प्रकट होते. लेखिकेने दुःखाची मोजदाद न करता स्त्रीच्या हातातील कामाला कथेचा विषय केले, हे तिचे मोठे यश होय. विस्थापनाने घर हिरावून घेतले, पण घराचा उंबरठाही ओलांडावयास लावला, हे दुहेरी सत्य येथे एकाच व्यक्तिरेखेत उतरले आहे.

या कथेमागील वास्तव महाराष्ट्राला परके नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या कल्याणजवळच्या बराकींत सिंधी निर्वासितांना आणून ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीस उल्हासनगर हे नाव मिळाले. तरी ‘कॅम्प नंबर एक’पासून ‘कॅम्प नंबर पाच’पर्यंतचे पत्ते आजही लोकांच्या तोंडी आहेत. सरकारी शिधा कायमचा पुरणारा नव्हता. स्त्रियांनी पापड लाटले, लोणची घातली. पुरुषांनी व पोरांनी लोकलगाड्यांतून किरकोळ वस्तू विकल्या. नफा थोडा, पण उलाढाल जलद, हा त्यांच्या व्यापाराचा मंत्र ठरला. आमच्या बऱ्हाणपुरातही सिंधी वस्ती आहे. तेथल्या दुकानदाराशी आपण रोज भाव करतो. त्याच्या आजीने पहिली दहा वर्षे काय विकून घर चालविले, हे मात्र आपण विचारीत नाही.

कायद्यानेही ते विचारले नाही. १९५० च्या अधिनियमाने विस्थापितांचे दावे तपासण्याची व्यवस्था केली आणि १९५४ च्या अधिनियमाने नुकसानभरपाई देऊ केली. दोहोंचा आधार होता मागे राहिलेली स्थावर मालमत्ता. ज्याच्यापाशी जमीन वा हवेली होती, त्याचा दावा उभा राहिला. ज्याची सारी दौलत उधारीच्या वहीत किंवा हाताच्या कसबात होती, त्याला दाखविण्यासारखा कागद नव्हता. कायदा विचारीत होता, ‘तुमचे काय गेले?’ ‘भूरी’ विचारते, ‘तुम्ही आता काय करता?’ हा दुसरा प्रश्न अधिक मानवी आहे. २००५ साली हे कायदे निरसित झाले. कथा मात्र टिकून आहे.

असे असूनही एक आक्षेप नोंदविणे प्राप्त आहे. कथेचा रोख नायिकेच्या अंतरंगावर आहे, बाजाराच्या हिशेबावर नाही. कथाकाराला तेवढे स्वातंत्र्य असतेच. दोष आहे तो आपल्या वाचनाचा. अशी कथा वाचून ‘कष्टाळू जमात, स्वाभिमानी जमात’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो. पण कष्टांना फळ यावयास भांडवल, उधारी देणारा व्यापारी आणि अधिकार यांची जोड लागते. सिंधी निर्वासित या देशाचे नागरिक होते; दुकान थाटण्यास त्यांना परक्याचा परवाना लागला नाही. याउलट गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावच्या तिबेटी वसाहतीकडे पाहावे. १९७२ च्या सुमारास वसलेल्या या लोकांना शेतीवर भागत नाही, म्हणून भारतातील इतर तिबेटी वसाहतींप्रमाणे येथील कुटुंबेही हिवाळ्यात शहरोशहरी लोकरी कपडे विकतात. लुधियानाचे व्यापारी तिबेट्यांना केवळ विश्वासावर उधारीने माल देतात, हे सर्वश्रुत आहे. निर्वासितांच्या रोजगाराचे हक्क सांगणाऱ्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही, आणि तिबेट्यांना नोंदणीपत्राचे नूतनीकरण करीत राहावे लागते. कष्ट दोघांचेही सारखेच; पायाखालची भूमी सारखी नाही. केवळ स्वाभिमानाची स्तुती करणारी समीक्षा हा भेद झाकून टाकते.

आपल्या देवस्थानांशी निगडित समाजास तर हा विषय अंतर्मुख करणारा आहे. सोळाव्या शतकात मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली, ही हकीगत आपल्या घराघरांत मुखोद्गत आहे. देवतेचा मार्ग आपण जपला. पण त्या पालखीमागून जुवारी ओलांडणाऱ्या कुटुंबांनी अंत्रुजात पहिला पावसाळा कसा काढला, कोणाचे कूळ म्हणून शेत कसले, कोणत्या स्त्रीने कोणाच्या घरी भात कांडला, याची कथा आपल्यापाशी नाही. कोचीपर्यंत गेलेल्यांच्या व्यापाराची कीर्ती आहे. व्यापार जमण्यापूर्वीच्या उपासाची नोंद नाही. तो काळ लिहिणारी कोणी सुंदरी उत्तमचंदानी आपल्यात झाली नाही. मराठीत आणि कोंकणीत लिहिणाऱ्यांनी ‘भूरी’ वाचावी ती परक्यांच्या दुःखाची करुण कहाणी म्हणून नव्हे, तर आपल्याच इतिहासातील गाळलेले पान कसे लिहावे, याचा वस्तुपाठ म्हणून.