पैदासकार, पायाभूत, प्रमाणित

बियाण्याच्या पिशवीला शिवलेला टॅग सहसा कुणी वाचत नाही. रंग पाहतात आणि पिशवी उचलतात. सोनेरी पिवळा टॅग असेल तर ब्रीडर, पांढरा असेल तर फाउंडेशन, निळा असेल तर सर्टिफाइड. हिरवट लेबल असेल तर ट्रूथफुल. जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ सुरू केली, तिच्या मागून कंपन्या उभ्या राहिल्या आणि बियाण्याचा व्यापार या शहराची ओळख झाली. त्यामुळे हे चार शब्द इथल्या मोंढ्यात कांद्या-बटाट्याइतके रुळलेले आहेत. पण ते सावकाश वाचावेत असे आहेत. शब्द घडतो कसा आणि त्याचा जोड कुठं बसतो, हे इतक्या थोडक्या जागेत दाखवणारा दुसरा नमुना मला माहीत नाही.

आधी इंग्रजी बाजू पाहू. ‘ब्रीडर’ म्हणजे ‘ब्रीड’ला ‘-अर’ प्रत्यय. धातू इंग्रजीच्या घरचा, प्रत्ययही घरचा. ‘ट्रूथफुल’मध्ये तर घरच्या प्रत्ययांची माळ आहे. ‘ट्रू’ला ‘-थ’ लागून ‘ट्रूथ’ होतो, त्याला ‘-फुल’ लागून ‘ट्रूथफुल’ आणि कायद्याच्या भाषेत पुढं ‘-ली’ लागून ‘ट्रूथफुली लेबल्ड’. ‘ट्रूथफुली’ या एवढ्या लांब शब्दात एकही अक्षर बाहेरचं नाही. ‘फाउंडेशन’ आणि ‘सर्टिफाइड’ मात्र लॅटिनातून, फ्रेंचच्या वाटेनं आलेले. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं, त्यानंतर काही शतकं तिथला दरबार आणि न्यायनिवाडा फ्रेंचमध्ये चालला. कचेरीचे शब्द परके आणि गोठ्यातले घरचे, ही वाटणी तेव्हाची. ती टॅगवर अजून दिसते. बीज पैदा करणारा माणूस घरच्या शब्दानं ओळखला जातो. ‘ट्रूथफुल’ बियाण्यामागं कुठल्याही यंत्रणेची मोहोर नसते, उत्पादकाचा स्वतःचा शब्द असतो, म्हणून तोही घरचाच. आणि जिथं सरकारी यंत्रणा तपासून शिक्का मारते, तिथं लॅटिन. कुणी ठरवून केलेलं नाही हे, पण ऐकणाऱ्याला सुख व्हावं इतकं नेमकं बसलं आहे.

आता मराठी बाजू. ब्रीडर बियाण्याला आपण ‘पैदासकार बियाणे’ म्हणतो. ‘पैदास’ फारसीतून आली. ‘कार’ म्हटल्यावर आपल्याला कुंभकार, चित्रकार, ग्रंथकार आठवतात, म्हणून तो संस्कृत वाटतो. पण फारसीलाही स्वतःचा ‘कार’ आहे. मराठवाड्यात शेतकऱ्याला ‘कास्तकार’ म्हणतात, तो त्या फारसी ‘कार’चा. आणि हे दोन्ही ‘कार’ ‘करणे’ या अर्थाच्या एकाच प्राचीन धातूतून निघालेले, म्हणजे हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेले सख्खे भाऊ आहेत. ‘पैदासकार’मधला ‘कार’ कुठल्या घरचा, हे सांगता येत नाही आणि सांगायची गरजही पडत नाही. म्हणून या शब्दात सांधा हाताला लागत नाही. ‘उत्पादक’ हा तयार शब्द हाताशी असताना ज्या कुणी ‘पैदासकार’ निवडला, त्याचा कान तयार होता. ‘उत्पादक’ काहीही तयार करतो, साबण किंवा सळईसुद्धा. ‘पैदास’ म्हटलं की जिवंत वंश डोळ्यांपुढं येतो.

‘पायाभूत’मध्ये सांधा दिसतो. ‘पाया’ फारसी, ‘भूत’ संस्कृत. ‘आधारभूत’च्या चालीवर हा शब्द बेतला आहे. ‘आधारभूत’ व्याकरणाला शुद्ध खरा, पण ‘पायाभूत’ म्हटलं की दगड, चुना, खोदलेला चर असं सगळं येतं. शब्दाचं वजन ‘पाया’त आहे आणि त्याची प्रतिष्ठा ‘भूत’मध्ये.

‘प्रमाणित’ हा दर्जा देणाऱ्या संस्थेचं नाव आहे महाराष्ट्र राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणा. ती अकोल्याला आहे. त्यातल्या ‘प्रमाणीकरण’पाशी मी नेहमी थबकतो. ‘प्रमाण’ आणि ‘करण’ यांच्या मध्ये तो दीर्घ ‘ई’ आला कुठून? पाणिनीच्या व्याकरणात ‘च्वि’ नावाचा प्रत्यय आहे. जे आधी तसं नव्हतं ते तसं झालं, हा त्याचा अर्थ. व्याकरणकार त्याला अभूततद्भाव म्हणतात. आणि गंमत अशी, की हा प्रत्यय लागतो आणि संपूर्ण नाहीसा होतो. त्याचं एकही अक्षर उरत नाही. तो येऊन गेल्याची खूण म्हणून मागचा ‘अ’ तेवढा ‘ई’ होतो. शुद्धीकरण, एकीकरण, राष्ट्रीयीकरण ही सगळी त्याचीच लेकरं. इंग्रजीच्या ‘सर्टिफिकेशन’मध्ये मधला ‘-फिक-’ लॅटिनमधल्या ‘करणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा आहे. म्हणजे दोन भाषांनी हा शब्द सारखाच रचला: मागं खात्री, पुढं करणं. पण लॅटिननं सांध्यावर खिळा ठोकला आणि संस्कृतनं तो विरघळवून टाकला. बियाण्याच्या बाबतीत तर अर्थही चपखल बसतो. शेतातलं बी आपोआप प्रमाण नसतं. शेताची पाहणी होते, उगवण तपासली जाते, भेसळ काढली जाते, तेव्हा कुठं ते प्रमाण होतं. तो ‘ई’ म्हणजे ही सगळी खटपट.

‘ट्रूथफुल’साठीचा ‘सत्यप्रत’ मला या चौघांत फिका वाटतो. प्रत म्हणजे दर्जा, हा अर्थ त्यात धरायचा. पण तहसीलच्या दारात उभं राहिलेल्या प्रत्येकाला सत्यप्रत म्हटलं की झेरॉक्सवरचा शिक्काच आठवतो. ‘ट्रूथफुल’मधल्या ‘-फुल’चा भरलेपणाही त्यात उतरलेला नाही.

दोन भाषांचे तुकडे जोडून झालेल्या शब्दाला भाषाशास्त्रात हायब्रीड, म्हणजे संकरितच म्हणतात. हा शब्द लॅटिनमधला. पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांच्या पिल्लाला मुळात तो लावत. जालना परिसरात कपाशीचं बीजोत्पादन करणाऱ्या शेतात संकराचं काम हातानं चालतं. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी मादी ओळीतून आदल्या दिवशीच हेरायची, नखानं तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर सोलून काढायचे, आतल्या कुक्षीला जराही इजा होऊ द्यायची नाही, मग ती झाकून ठेवायची. सकाळी नर ओळीतलं उमललेलं फूल आणून त्याचा पराग त्या कुक्षीवर हलकेच फिरवायचा. नख जरा जास्त लागलं की बोंड धरत नाही. शब्दांच्या सांध्यालाही अशीच हलकी बोटं लागतात.

शुद्धतावाद्यांना असे शब्द खपत नाहीत. ‘टेलिव्हिजन’ अर्धा ग्रीक आणि अर्धा लॅटिन म्हणून इंग्रजीच्या जाणकारांनी नाकं मुरडली होती. आपल्याकडं शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, पुढं सावरकरांची भाषाशुद्धी झाली. त्या प्रयत्नांबद्दल मला मनापासून आदर आहे. महापौर, दिनांक यांसारखे शब्द आज कुणाला घडवलेले वाटतच नाहीत. तरी शब्दाची पारख त्याच्या तुकड्यांच्या जन्मदाखल्यावरून करू नये, सांध्यावरून करावी, असं माझं मत आहे. फ्रेंच ‘ब्युटी’ला घरचं ‘-फुल’ लावल्यावर इंग्रजीचं काही बिघडलं नाही. घरच्या ‘ड्रिंक’ला परका ‘-एबल’ लावल्यावरही नाही. कीटकनाशकांच्या दुकानातलं ‘वीडिसाइड’ असंच आहे: ‘वीड’ गावठी आणि ‘-साइड’ लॅटिन. आपलं ‘तणनाशक’ त्याहून सरस. तृणापासून झिजत आलेलं ‘तण’ आणि संस्कृतातलं ‘नाशक’ इतके एकजीव झाले आहेत, की त्यांना जोडशब्द म्हणावंसंही वाटत नाही.

आता शब्दाच्या पुढच्या बाजूचं, म्हणजे उपसर्गांचं पाहू. खरी चंगळ तिथं आहे. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढं अनेक वर्षं ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी येई, साध्या कपाशीची. ती कडेच्या ओळींत लावायची, म्हणजे बोंडअळीच्या काही पतंगांना तिथं आसरा मिळतो आणि बीटीला दाद न देणाऱ्या पतंगांशी त्यांचा संकर होऊन अळीची प्रतिकारशक्ती लवकर वाढत नाही. इंग्रजीत या आसऱ्याला ‘रेफ्युज’ म्हणतात. मराठीत बोलता-लिहिताना तो ‘रेफ्युजी’ झाला. एका ‘ई’नं आसऱ्याची जागाच आसरा शोधणारी झाली, आणि अळीच्या बाजूनं पाहिलं तर ते अगदीच चूकही नाही. पण दुकानदार आणि शेतकरी त्या पुडीला म्हणत ‘नॉन-बीटी’. ‘आतली नॉन-बीटी फेकू नका, धुऱ्याकडून लावा,’ हे वाक्य मराठवाड्यात समजावून सांगावं लागत नसे.

हा ‘नॉन’ मराठीनं का घेतला असावा? नकाराचे उपसर्ग आपल्याकडं कमी आहेत का? एकेक तोंडात घोळवून पाहावा. ‘ना’ नापसंतीचा आहे: नालायक, नापीक, नापास. जमीन नापीक म्हणजे पीक नसलेली नव्हे, जिच्याबद्दल निकाल लागला आहे अशी. ‘नापास’ तर अजबच. फारसी उपसर्ग आणि इंग्रजी शब्द मराठी शाळेत भेटले आणि कायमचे जुळले. ‘बे’ काढून घेतो, पण काढल्यावर उरलेलं उधळतं: बेभान, बेलगाम, बेफाम, बेसुमार. लगाम गेला की घोडा थांबत नाही, धावत सुटतो. ‘गैर’ जागा चुकवतो. गैरसमज म्हणजे समज नसणं नव्हे, चुकीची समज असणं. इंग्रजीत त्यासाठी वेगळा ‘मिस-’ ठेवावा लागला. आपलं ‘गैर’ हजेरीपासून व्यवहारापर्यंत सगळीकडं पुरतं. ‘बिन’ साधा, सरळ, कुणाला न दुखावणारा: बिनव्याजी, बिनविरोध. अपवाद ‘बिनडोक’. संस्कृत ‘अ’ प्रौढ आणि जरा पुस्तकी.

या सगळ्यांत एक रिकामी जागा होती: दोष न देणारा, उधळू न देणारा, फक्त वर्ग पाडणारा नकार. नॉन-बीटी कपाशी वाईट नाही, तिच्यात काही हरवलेलं नाही. ती निव्वळ त्या खान्यातली नाही. बेबीटी म्हटलं असतं तर ती रानभर पसरल्यासारखी वाटली असती, नाबीटी म्हटलं असतं तर नापास झाल्यासारखी. ‘बिन’ कदाचित चालला असता, पण ‘बिनबीटी’ तोंडात अडखळतं. म्हणून ‘नॉन’ आला आणि राहिला: नॉन-एसी, नॉन-ग्रँट, नॉन-क्रीमीलेअर. सगळीकडं याद्या आहेत, खाने आहेत, अर्ज आहेत. ज्या कामाला तो बोलावला, तेच काम तो करतो.

‘री’ची गोष्ट साधी. इथल्या औद्योगिक वसाहतीतली री-रोलिंग मिल म्हणजे पुन्हा लाटणारी गिरणी. तापवलेलं लोखंड रुळांमधून पुन्हा काढून त्याची सळई होते. इथं ‘री’ शब्दशः खरा आहे. तरी बोलताना लोक तो गाळून ‘रोलिंग’ एवढंच म्हणतात.

‘मिनी’ मात्र ऐटीत आला. जिल्हा परिषदेला वर्तमानपत्रं ‘मिनी मंत्रालय’ म्हणतात. इंग्रजी तुकडा पुढं, भक्कम संस्कृत मागं, आणि दोन्हीकडच्या ‘म’मुळं शब्द असा लागतो, की ‘लघुमंत्रालय’ त्याच्यापुढं उभं राहू शकत नाही.

शब्दाची मागची बाजू मराठी इतक्या सहज कुणाला देत नाही. फारसीचे ‘-दार’, ‘-खोर’, ‘-गिरी’ रुजले, कारण वसूल, दफ्तर आणि चावडी यांतून ते शेकडो वर्षं कानांवर होते. जालना तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, जिथला कारभार उर्दूत चालला. इंग्रजीचे प्रत्यय आले ते पाठीवर आपापला शब्द घेऊनच. ‘डीलरशिप’ मोंढ्यात रोज ऐकू येते, पण ती ‘-शिप’ सुटी होऊन ‘सरपंच’ला कधी लागली नाही. उलट आपला ‘-की’ इंग्रजी शब्दाला खुशाल लागला: पाटीलकीसारखी मास्तरकी झाली आणि डॉक्टरकीही. कारण उघड आहे. मराठी शब्दाचं सगळं चलनवलन शेवटाला असतं. सामान्यरूप तिथं, विभक्ती तिथं, लिंग-वचन तिथं. ‘डॉक्टरकीला’, ‘डॉक्टरकीतून’ असं पुढं जायचं तर शेवटचं अक्षर घरचं असलेलं बरं.

दहावीच्या इंग्रजीत उपसर्ग किंवा प्रत्यय लावून नवा शब्द करायला सांगतात. मुलं ‘अन-’, ‘डिस-’, ‘-नेस’, ‘-फुल’ यांचे तक्ते पाठ करतात. त्याऐवजी शाळेच्या पाटीवरचा एखादा शब्द उकलून दाखवावा. ‘विनाअनुदानित’ घ्या. ‘दा’ म्हणजे देणे, त्याचं ‘दान’. ‘अनु’ लागून ‘अनुदान’, पाठीशी उभं राहणारं देणं. ‘-इत’ लागून ‘अनुदानित’, ज्याला ते मिळालं ते. आणि मग पुढं ‘विना’ येतं आणि मागचं सगळं काढून घेतं. पूर्वी त्याच्याही पुढं ‘कायम’ हा शब्द असे. तो २००९ मध्ये वगळला गेला. ‘विना’ जाऊन ‘अंशतः’ यावं, २० टक्के, मग ४० टक्के असे टप्पे पडावेत, यासाठी शिक्षक वर्षानुवर्षं आझाद मैदानावर बसले. दहावीच्या वर्गाला ‘अन-’ आणि ‘डिस-’ शिकवणारे कितीतरी शिक्षक त्यांत होते.